गौरीचा नेम आणि आम्हा दोघांची हद्दपारी

पैठणहून छत्रपती संभाजीनगरला जायचं असेल तर कुणी ब्लॉग शोधत बसत नाही, हे मला कळतं. स्टँडवर जायचं, लागलेल्या एसटीत खिडकी धरायची, बिडकीन मागं पडलं की डुलकी काढायची आणि नक्षत्रवाडीला जागं व्हायचं. दुकानाच्या औषधांसाठी मी महिन्यातून एखाद-दुसरी चक्कर अशीच मारते. हंपी आणि गोकर्णवर लिहिलं तेव्हा 'ताई, लॉज कुठला, रिक्षावाले किती घेतात' असं विचारून तुम्ही मला हैराण केलं होतंत. या वेळी कुणी काही विचारणार नाही. तरी लिहिते, कारण आजवरच्या सगळ्या भटकंतीत मी एवढी कुठंच घाबरले नव्हते.

आधी मंडळींची ओळख. माझं पैठणला स्टँडजवळ मेडिकल आहे. यजमान दिलीपराव यांची मोसंबीची बाग आहे आणि जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायची तयारी आहे. आमची मुलगी गौरी दहावीत आहे आणि एअर पिस्तुलानं नेमबाजी करते. एका हातानं पिस्तुल धरून, दहा मीटरवरच्या नाण्याएवढ्या ठिपक्यात छर्रा मारायचा, असा तो खेळ. ऐकायला सोपा वाटतो. घरी एकदा भरलेली पाण्याची बाटली हात लांब करून धरून बघा आणि मग मला सांगा.

गौरी या खेळाकडं कशी वळली, हे सांगायचा हक्क आमच्या घरात फक्त दिलीपरावांना आहे. नाथषष्ठीच्या जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर तिनं लहानपणी बंदूक उचलली आणि फुगेवाल्यानं हात जोडून 'ताई, आता दुसऱ्या दुकानावर जा' म्हणून सांगितलं. मी तिथं होते. फुटलेले फुगे दहा-बारा असतील. ही गोष्ट यजमानांच्या तोंडून ऐकली की मात्र फुगे वाढत जातात.

संभाजीनगरच्या स्पर्धेचं पत्रक आलं तेव्हा घरात दोन अटी होत्या. पहिली माझी. दहावीचं वर्ष आहे. या स्पर्धेतल्या पहिल्या तिघींना राज्याच्या शिबिरात घेणार आहेत. त्यात नाव आलं तर ठीक, नाही आलं तर परीक्षा होईपर्यंत पिस्तुल कपाटात. गौरीनं नुसती मान हलवली. दिलीपराव त्या दिवशी जेवताना माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते गप्प बसले म्हणजे प्रकरण किती गंभीर हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

दुसरी अट गौरीची. "तुम्ही दोघांनी हॉलमध्ये यायचं नाही."

याला इतिहास आहे. मागच्या स्पर्धेत दिलीपराव तिच्या मागं बसले होते आणि भर शांततेत त्यांना राहवलं नाही. "जरा वर!" असं ते म्हणाले. हळू म्हणालो, असं त्यांचं म्हणणं. पंचांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

"मग आम्ही तिथं येऊन करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"फिरा," गौरी म्हणाली. "आईला ब्लॉगला काहीतरी मिळेल."

असा हा आमचा प्रवास ठरला.

पहिला दिवस: पैठण ते शहर

सकाळची गाडी धरा, हा पहिला सल्ला. उशीर केलात तर चितेगावला कंपन्यांच्या शिफ्टची गर्दी, ट्रक आणि खणलेला रस्ता हे तिन्ही एकदम भेटतात. आम्हाला भेटले. दोन तास धरून चला, वर थोडा वेळ हातात ठेवा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं मी आणि गौरी मिळून एकच माणूस झालो. "या घरात पूर्ण तिकीट आता मलाच," असं म्हणून दिलीपरावांनी पैसे काढले.

कंडक्टरचं लक्ष गौरीच्या मांडीवरच्या काळ्या पेटीकडं गेलं. "ह्यात काय हाय? कॅमेरा का?"

गौरी 'हो' म्हणणार होती. मी तिच्या ओठांकडं बघत होते. पण तिच्या बाबांचा आवाज आधी गेला.

"पिस्तुल!"

गाडीतली कुजबुज थांबली. पुढच्या बाकावरच्या आजींनी पिशवी उचलून पोटाशी धरली. कंडक्टर माझ्याकडं बघत म्हणाला, "मावशी, मी उतरू का तुम्ही उतरता?"

मग दिलीपरावांनी खुलासा केला. खुलासा जत्रेतल्या फुग्यांपासून सुरू झाला आणि चितेगावपर्यंत चालला. कंडक्टरला सांगताना फुगे तीसेक झाले होते. बिडकीनला चढलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या रानात डुकरं लई झालीत. पोरीला घिऊन या की एक दिवस."

"ती फक्त कागदावर मारते, बाबा," मी म्हटलं.

"मंग काय उपेग?" असं म्हणून त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं. पण उतरताना धोतराच्या सोग्यातून दोन पेरू काढून गौरीच्या हातात दिले. कानातले इअरफोन काढून ती पाया पडली तसा म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "कागदावर तर कागदावर. पण नेम धरून मार."

उतरलो मध्यवर्ती बसस्थानकावर. लॉज जवळच, क्रांती चौकाच्या बाजूला घेतला होता: स्वच्छ चादरी, गरम पाणी, खिडकीतून रहदारीचा आवाज. झोप हलकी असेल तर मागच्या बाजूची खोली मागा. मॅनेजरनं पेटीबद्दल विचारलं तेव्हा मी यजमानांच्या पायावर पाय ठेवला आणि "खेळाचं सामान आहे" असं म्हणून पुढं गेले.

पाणचक्की, मकबरा आणि एक फोन

रेंज, म्हणजे नेमबाजीचा हॉल, जालना रोडच्या आतल्या गल्लीत आहे. पूर्वीचं गोदाम, आता आत टार्गेटची रांग, खेळाडूंची टेबलं आणि भिंतीवर गुण दाखवणारे पडदे. दारात गौरीचे प्रशिक्षक शकील सर उभे होते. पैठणच्या एका शाळेत ते वर्षानुवर्षं पीटी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेच्याच मागच्या खोलीत पोरांना नेमबाजी शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या बोलण्यात मराठी कुठं संपते आणि दखनी कुठं सुरू होते, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

"दिलीपभाई, पोरगी इथं सोडा और आप निकलो," सर म्हणाले. "मकबरा देखो, पाणचक्की देखो, भाभीला फिरवा. हॉलच्या आसपास दिसलात तो मैं खुद गेट बंद करूंगा."

"मी काय लहान पोर हाय का?"

"लहान पोर ऐकतो, भाई."

गौरीनं मागं न बघता आत पाऊल टाकलं. तिची वेणी दारातून आत जाईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, आणि मग शकील सरांनी नुसतं बोट दाखवल्यावर रिक्षात बसलो.

पाणचक्कीला आधी जा. डोंगराकडून जमिनीखालच्या नळातून आलेलं पाणी भिंतीवरून पडतं आणि पूर्वी त्याच्यावर जातं फिरायचं. हौदाकाठी जुना, अवाढव्य वड आहे आणि त्याच्या सावलीत भर दुपारीही गार वाटतं. मुलं हौदातल्या माशांना मुरमुरे टाकत होती. मी फोटो काढत होते. दिलीपराव पडणाऱ्या पाण्याकडं बघत होते.

"आता किती मारले असतील?"

"मला कसं कळणार?"

"सुरुवातीचे सरावाचे असतात. ते मोजत नाहीत."

"माहीत आहे."

"तिचा पहिला जरा खाली जातो."

"दिलीपराव, मासे बघा."

त्यांनी मासे बघितले. मग शेजारी अकोल्याचं एक कुटुंब फोटो काढत होतं, त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही कुठले?" इतकंच त्यांना निमित्त पुरलं. पाणचक्कीच्या काठावर फुग्यांची अख्खी फळी साफ झाली. अकोल्याच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ऑलिम्पिकला जाणार का मुलगी?" मी म्हटलं, "आधी दहावीला जाणार."

मकबरा तिथून जवळ. तिकिटाच्या रांगेपेक्षा फोनवरून तिकीट काढलेलं बरं. बीबी का मकबऱ्याला लोक ताजमहालाशी तोलतात आणि मग हळहळतात, ते मला कधीच पटलेलं नाही. कारंज्यांच्या कडेनं सरळ चालत जा आणि चुन्याच्या गिलाव्यावरची नक्षी जवळून बघा. उन्हात ती दुधावरच्या सायीसारखी दिसते. मी हे सगळं दिलीपरावांना दाखवत होते. पहारेकऱ्यानं त्यांना टोकलं, "साहेब, घुमट वर हाय. तुमी मघाधरनं फोनात काय बघायलात?"

मग आम्ही चौथऱ्याच्या पायरीवर टेकलो. दिलीपराव माझ्याकडं न बघता म्हणाले, "अट मागं घेशील का?"

"नाही."

"नंबर नाय आला तरी?"

"नंबर आला नाही तर, हीच तर अट आहे. रोज तीन तास रेंजवर जातात तिचे. गणिताचा पेपर बघितलात का तुम्ही?"

"बघितला. लई वाईट नव्हता." त्यांनी पायरीवरचा खडा उचलून खाली ठेवला. "तुला काय वाटतं, मी फक्त मिरवतो. मिरवतो, व्हय. पण ती पिस्तुल धरून उभी राहती ना, तेव्हा कशी दिसती ते तू कधी बघितलंच नाय. तू कायम दुकानात असती."

हे खरं होतं. दुकान बंद ठेवता येत नाही, हेही खरं होतं. एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी तो उचलायच्या घाईत जवळजवळ कारंज्यात टाकला.

शकील सर होते. फोन स्पीकरवर होता. "आठवी आली. उद्या फायनलला आठच जणी जाणार. बस, दरवाजे में पैर अटकाया है पोरीनं."

"फायनलला गेली!" दिलीपराव उठून उभे राहिले. पहारेकऱ्याला सांगायला ते निघाले, तेव्हा मीच त्यांना सदरा धरून बसवलं. आठवी म्हणजे शेवटची. हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

गुलमंडीवर

संध्याकाळी गौरीला रेंजवरून घेऊन आम्ही गुलमंडीला गेलो. शहरात आलात तर इथली इमरती खा. जिलबीची थोरली बहीण समजा, उडदाची, केशरी आणि गरम. दिलीपरावांना त्याआधी इथल्या मटणाच्या नान-खलियाचाही बेत करायचा होता. पण मसालेदार गौरीला स्पर्धेच्या काळात चालत नाही आणि तिला सोडून खायला त्यांचा जीव होत नव्हता. इमरतीच्या बाबतीत मात्र तो जीव झाला. तिच्या वाटणीचीही त्यांनी खाल्ली.

बाकड्यावर बसून गौरीनं बाबांना विचारलं, "खरं सांगा. तुम्ही आत आला होतात ना?"

"नाय! तुझ्या आईला विचार. मी मकबऱ्यात व्हतो."

"दाराआड उभे नव्हतात?"

"शपथ!"

"दार वाजलं की मला वाटायचं तुम्ही आलात. प्रत्येक वेळी. आता 'जरा वर' ऐकू येणार म्हणून मी कान देऊन बसायची. नेम राहिला बाजूला."

दिलीपरावांच्या हातातली इमरती तशीच राहिली. मला हसू येत होतं आणि रडूही. तिच्या बापानं शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून तिचे गुण घालवले होते.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"उद्या दोघं आत बसा," गौरी म्हणाली. "बाजूला. मला दिसाल असे. एकदा दिसलात की मग तुमचा विचार करावा लागणार नाही."

"मी एक शब्द बोलणार नाय," दिलीपराव म्हणाले.

"श्वास पण हळू घ्या."

दुसरा दिवस: हॉलच्या आत

सकाळी क्रांती चौकात पोहे खाल्ले आणि रिक्षानं रेंजवर आलो. हॉलमध्ये शिरायच्या आधी मी यजमानांचा फोन मागून घेतला, त्यांच्यासमोर बंद केला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. एक पेपरमिंटही त्यांच्या तोंडात ठेवली. माझ्या बंदोबस्तावर मी खूश होते.

आत नेमबाजांच्या रांगेच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या, हिरवं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी बसता बसताच डोळे मिटले.

"बरं नाही का?" मी हळूच विचारलं.

"बरी हाय. मी सुमन, करमाडची. ती निळ्या टी-शर्टातली दिव्या माझी. मी बघत नाय. मी बघितलं की बिघडतं तिचं." मग डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "तुमची कोणती?"

"वेणीवाली. कडेची."

"मंग मला सांगत जा, कोण गेलं ते."

फायनल साधी असते. आठ जणी एका ओळीत उभ्या राहतात. सगळ्या एकेक छर्रा मारतात, गुण भिंतीवर दिसतात, आणि ठरावीक नेमांनंतर जिची बेरीज सगळ्यात कमी ती पिस्तुल ठेवून मागं येते. मग पुन्हा. होता होता एक उरते.

पहिली मुलगी मागं आली, ती गौरी नव्हती. दुसरी आली, तीही नव्हती. मी सुमनताईंच्या कानात सांगत होते, "गेली एक. तुमची आहे." त्या मान हलवत होत्या. "आणखी एक गेली. दोघी आहेत." दिलीपरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. पेपरमिंट चावल्याचाही आवाज आला नाही.

आणि मी माझ्या मुलीला बघत होते. घरी दप्तर फेकणारी, ताटातली वांगी कडेला सारणारी गौरी तिथं नव्हती. एक हात खिशात, दुसरा सरळ, खांदा जराही उचललेला नाही. पापणी लवायची तेवढीच हालचाल. हा चेहरा मी तिच्या लहानपणापासून एकदाही बघितला नव्हता. आमच्या दोघांपैकी कुणाकडूनही तो आलेला नसावा.

चौघी उरल्या तेव्हा खालच्या दोघी होत्या गौरी आणि दिव्या. फरक दशांशांचा. दोघींपैकी एक आता मागं येणार आणि दुसरी पहिल्या तिघींत जाणार. इतक्या जवळ पोचल्यावर मी सुमनताईंना सांगायचं थांबले. त्यांनीही विचारलं नाही. कळलं असावं.

पंचांनी आज्ञा दिली. चार हात वर गेले.

आणि फोन वाजला.

पहिल्यांदा मी दिलीपरावांकडं रागानं बघितलं, ही माझी सवय. मग कळलं की आवाज माझ्या मांडीवरून येतोय. दुकानाच्या गलक्यात ऐकू यावा म्हणून माझ्या फोनचा आवाज कायम पूर्ण असतो. त्यांचा फोन बंद करायच्या नादात माझा तसाच राहिला होता. पर्समध्ये हात घातला तर हाताला त्यांचाच लागला. मी त्याचं बटण जिवाच्या आकांतानं दाबलं. तो बंद होता. तो सुरू झाला, आणि त्यानं स्वतःची सुरुवातीची धून वाजवली. आता दोन फोन वाजत होते. माझ्या फोनवर नाव दिसलं: सासूबाई.

शेवटी दोन्ही गप्प झाले. बाकीच्या तिघींचे छर्रे गेले होते, दिव्याचाही. भिंतीवर तिचे दहा पूर्णांक पाच झळकले. मी खुर्चीवरून विरघळून जमिनीत जाईन असं वाटत होतं.

गौरीचा हात खाली होता. तिनं पिस्तुल टेबलाच्या कडेवर टेकवलं होतं आणि टार्गेटकडंही बघत नव्हती. कुठंतरी मधल्या हवेत बघत होती. वेळ चालला होता. सबंध हॉल तिची वाट बघत होता. दिलीपराव काहीतरी बोलतील याची मला खात्री होती. त्यांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

तिनं श्वास सोडला. हात सावकाश वर गेला, ठिपक्याच्या वर, मग हळूहळू खाली उतरला आणि थांबला.

टप्प.

दहा पूर्णांक दोन.

सुंदर नेम होता. दिव्याचा त्याहून सुंदर होता. बेरीज फिरली आणि गौरी चौथी आली.

ती पिस्तुल ठेवून मागं वळली आणि वळता वळता दिव्याच्या पाठीवर थाप मारली. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. सुमनताईंनी डोळे उघडले, भिंतीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. "माझ्या फोननं..." एवढंच मी म्हणू शकले.

"अवो, माझी बी पोरगी त्याच आवाजात हुबी व्हती की," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

व्हरांड्यात

गौरी बाहेर आली तेव्हा मी वाक्यांची जुळवाजुळव करत होते. तिनं विचारलं, "आजीचा होता का?"

"हो."

"काय म्हणाली?"

"उचलला नाही."

"मग लाव ना. वाट बघत असेल."

लावला. सासूबाई ओरडूनच बोलतात, त्यामुळं स्पीकरची गरज पडली नाही. "लागला का गं नेम?"

"लागला, आजी. पण दुसऱ्या पोरीचा जास्त लागला."

"असूं दे. तिला बी घिऊन ये जेवायला."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "गौरी, माझ्यामुळं..."

"आई, तो वाजला तेव्हा माझा हात डगमगत होता," ती म्हणाली. "मी घाईत ट्रिगर ओढणारच होते. नऊच्याही खाली गेला असता. फोन वाजला म्हणून तर हात खाली घेतला."

ती पाणी प्यायला गेली. हे खरं की माझी समजूत काढायला म्हणाली, ते मला कळेना, म्हणून मी शकील सरांना विचारलं. ते मिशीतल्या मिशीत हसले. "भाभी, दोनो बातें सच हो सकती हैं. लेकिन हात खाली घेणं बघितलं ना? ते शिकवायला मला दीड वर्ष लागलं. पोरं एकदा हात वर गेला की खाली घेतच नाहीत. वाटतं, उचललाय तर मारायलाच पाहिजे."

परत

परतीची गाडी दुपारची. ऊन उजव्या बाजूच्या खिडकीतून येतं, डावीकडं बसा. कंडक्टर दुसराच होता. त्यानं पेटीकडं बघितलं आणि मी मनाची तयारी केली.

"माझी मुलगी नेमबाज आहे," दिलीपराव म्हणाले. "चौथी आली!"

तेवढ्याच आवाजात. तेवढ्याच ऐटीत. पहिली आली असती तर यापेक्षा वेगळं काय बोलले असते, ते मला अजून कळलेलं नाही. नक्षत्रवाडी येईपर्यंत चौथ्या क्रमांकाचं महत्त्व आमच्या आसपासच्या सगळ्या बाकांना पटलं होतं. चितेगावला गाडी अडकली, तेव्हा त्यांनी खिडकीतून भजी घेतली आणि अनोळखी माणसांना वाटली. गौरीनं डोक्यावर ओढणी घेतली आणि झोपेचं सोंग केलं. पण तिच्या गालावरची खळी ओढणीबाहेर राहिली होती.

घरी पोचल्यावर तिनं पिस्तुल पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटात. मी आठवण केली नव्हती. कपाटाचं दार लावून ती अभ्यासाला बसली. दिलीपरावांनी माझ्याकडं बघितलं आणि बागेत निघून गेले.

मी स्वयंपाकघरातून तिच्याकडं बघत राहिले. भाजी खाली लागल्याचा वास आल्यावर गॅस बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"रविवारी जायचं रेंजवर. बाकीचे दिवस अभ्यास."

ती वहीवरून नजर न उचलता म्हणाली, "फोनचं वाईट वाटतंय म्हणून सांगत असशील तर नको. ठरलं होतं ते ठरलं होतं."

"त्यासाठी नाही."

"मग?"

"तू हात खाली घेतलास, त्यासाठी."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "रविवार आणि बुधवार."

"रविवार."

"बुधवारी फक्त एक तास."

शेवटी बुधवार मिळाला. मोसंबीच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करणाऱ्या माणसाची पोरगी आहे, मी तरी कुठवर टिकणार?

तर असा हा प्रवास, पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. वेरूळ राहिलं, दौलताबाद राहिलं, नान-खलियाही राहिला; तुम्ही गेलात तर यातलं काही सोडू नका. मकबऱ्याचे माझे फोटो चांगले आलेत, पण ते मी पुन्हा उघडून बघितलेले नाहीत. डोळे मिटले की मला ती मधल्या हवेत बघत उभी असलेली दिसते. सगळा हॉल थांबलेला, आणि तिला कसलीच घाई नाही. दर रविवारी आता मी तासभर दुकान नोकराच्या हाती देते आणि शकील सरांच्या खोलीत मागच्या बाकावर जाऊन बसते. बोलत मात्र नाही.

परवा दुकानात एक ओळखीच्या आजी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "पोरगी शहरात कशाला गेली व्हती म्हणं?"

मी सांगितलं. आधी थोडक्यात, मग जरा सविस्तर. आजी गोळ्या घेऊन कधीच्या निघाल्या होत्या, पण मी दाराशी येऊन मोठ्यानं त्यांना 'चौथी!' असं सांगत होते, आणि स्टँडवर गाडीची वाट बघणारी माणसं वळून माझ्याकडं बघत होती.

दिलीपराव तेव्हा बागेत होते म्हणून बरं.